उजवी सांगली, डावी सातारा

११ जून, बुधवार

लागली! दोन्हीकडे लागली!

दुपारी दुकानात एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवत होते, तेवढ्यात अंकिताचा फोन. "आत्या, दोनी यादीत नाव हाय." मी एवढ्या मोठ्यांदा "काय!" म्हणून ओरडले की बाईंनी घाबरून फ्रेमच काढून ठेवली. त्यांना वाटलं, आपल्याला शोभत नाही! मालक लालासाहेब काउंटरवरून डोळे वटारून बघत होते. बघू देत. माझ्या दादाची पोर, बारावीला चौऱ्याऐंशी टक्के. आमच्या घरात एवढे टक्के आजवर फक्त मोबाईलच्या बॅटरीला बघितलेत.

साताऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर. सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र — म्हणजे जमिनीच्या पोटातले दगड, पाणी, ते सगळं. दोन्हीकडे वीस तारखेपर्यंत मूळ दाखला नेऊन द्यायचा. दाखला एकच. पोरगीही एकच.

१२ जून, गुरुवार

दादाचा फोन. ह्या माणसाला मेंढरं आणि फोन एका वेळी सांभाळता येत नाहीत. "हुर्र, हुर्र" मला चाललंय की मेंढरांना, अर्धा वेळ कळत नाही.

"सोने, तूच काय ती सांग. तू शिकलीस, साताऱ्यात ऱ्हातीस. मला धुळा मेंढक्याला त्यातलं काय कळतंय? मेंढरू दाखव, वय सांगतो."

मी म्हटलं, पोरीला विचार. तर म्हणे, "तिला इचारलं. म्हणती, तुमी म्हणाल तसं."

मागून आईचा आवाज. "दगड बघाया सांगलीला कशाला जायाचं? आपल्या रानात काय कमी हायत दगड?" मला हसू आलं. खरंच आहे. वडूजच्या पलीकडं आमच्या रानात पेरण्याआधी दगड वेचायचे आणि पेरल्यावरही दगडच वेचायचे.

मग दादा हळू आवाजात म्हणाला, "साताऱ्याला तू हायस. सांगलीत कोण हाय गं आपलं?"

मी म्हटलं, बघू. पण इथं लिहिते, इथं कोण वाचतंय. मला ती साताऱ्याला हवी आहे. माझ्याकडं, गोडोलीत, ह्या दोन खोल्यांत. नवरा इंद्रजित फौजेतून वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. मूल नाही. बाकीचे दिवस मी आणि टीव्ही. संध्याकाळी कुणीतरी "आत्या, भाजी काय करायची?" म्हणून विचारावं असं लय वाटतं. वाटतं तर वाटतं, चोरी आहे काय?

१३ जून, शुक्रवार

दुकानात मी दिवसभर एकच प्रश्न विचारते — "पहिली काच बरी की दुसरी?" काही माणसं पटकन सांगतात. काही म्हणतात, "दोनी सारख्याच वाटत्यात." सारख्या नसतात. चुकलो तर काय, म्हणून घाबरलेले असतात. अकरा वर्षांत हे चांगलं कळलंय मला.

तर आज अंकिताला मीच फोन लावला. "तुला काय पाहिजे?"

"दोनी चांगलीच हायत की आत्या."

घाबरली आहे.

तिच्या बाटल्या आठवल्या. ती नववीत असताना दादानं बोअर मारली होती. एक पाणाड्या आला, तळहातावर नारळ धरून रानभर हिंडला. नारळ उभा राहिला, तिथं भोक पाडलं. तीनशे फूट, नुसती धूळ! सगळे कपाळाला हात लावून बसले होते. आणि ही बया मशीनजवळ उभी राहून बाहेर पडणारा दगडाचा चुरा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून घेत होती. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी — तीस फूट, सत्तर फूट, एकशे दहा फूट. मी विचारलं, हे कशाला गं? तर म्हणाली, "आत्या, खाली काय हाय ते नारळाला कसं कळंल? खाली जाऊनच बघाया पायजे."

तेव्हा मी हसले होते.

१४ जून, शनिवार

आईनं निकाल लावला. "देवाला इचारा. उद्या ऐतवार हाय. कौल लावू."

लावा! आमच्याकडं कशालाही कौल. म्हैस घ्यायची, कौल. घराचं तोंड कुठं करायचं, कौल. बिरोबाच्या मुखवट्याला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर. त्यावर परत कुणी बोलायचं नाही.

माझ्यासाठीही लावला होता, सतरा वर्षांपूर्वी. उजवी पाकळी साताऱ्याचं कॉलेज, डावी लग्न. लग्न पडलं. मी दोन दिवस जेवले नाही. मग देवाचीच मर्जी म्हणून गप्प बसले. इंद्रजित अजून चिडवतो, "मी साधासुधा नवरा न्हाई, डायरेक्ट देवाच्या ऑर्डरनं पोस्टिंग झालंय माझं." माणूस चांगला निघाला. त्याच्यामुळंच देवावरचा माझा राग गेला, नाहीतर त्या देवळाची पायरी चढले नसते.

आज फोनवर त्याला सांगितलं. म्हणाला, "पोरीच्या कॉलेजचा निर्णय पाकळीवर? आणि तू गप्प बसलीस?"

बसले गप्प. का बसले ते मला माहीत आहे. पन्नास टक्के तरी सातारा येणारच ना!

उद्या सकाळच्या एसटीनं वडूज.

१५ जून, रविवार

सातारा आलं! देवा, तुझं भलं होवो!

सगळं नीट लिहून ठेवते. देऊळ गावाबाहेर माळावर. पुजारी अर्जुनाकाका कण्हेरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवून बसलेले. दादा, आई, अंकिता आणि मी. वहिनी मेंढरांमागं गेली होती.

आई हल्ली फार थकली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की "मी काय पुस्तकं वाचाया बसतीया व्हय?" म्हणून अंगावर येते. लांबचं दिसत नाही म्हणून देवाच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिली की नाक मुखवट्याला टेकतंय की काय असं वाटलं. तिथून सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "देवा, उजवी सांगली, डावी सातारा. पोरीचं जे बरं आसंल ते सांग."

अर्जुनाकाकांनी पाकळ्या लावल्या, भंडारा उधळला, डोळे मिटून हात जोडले. दादानं मला मधोमध उभं केलं. "तुजी नजर चांगली, चष्म्याच्या दुकानातली. तू बघ." तो स्वतः मान खाली घालून बसला. अंकिता तर पायरीवर, देवळाकडं पाठ करून. म्हणजे बघणारी मी एकटी.

आई काहीबाही पुटपुटत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि एक पाकळी हलली. सुटली!

"डावी! डावी पडली! सातारा!"

मी ओरडले. अर्जुनाकाकांनी डोळे उघडले तोवर आईचा पदर लागून दुसरीही गळाली. दादानं डोळे पुसले. आईनं माझ्याकडं वळून विचारलं, "डावी?" मी म्हटलं, हो. थोड्या वेळानं परत, "डावीच?" मी म्हटलं, "अगं आई, माझ्या डोळ्यांनी बघितली!" मग ती देवाकडं वळली. देवाला हात लावून नुसती उभी राहिली. आनंद झाला असेल.

अंकिता म्हणाली, "बरं झालं." आणि देवळाची घागर घेऊन हापशावर गेली. घागर भरलेलीच होती.

१६ जून, सोमवार

अंकिताला बरोबर घेऊनच आले. दाखला दिला, फी भरली, पावती घेतली. अर्ध्या तासात काम. येताना पोवई नाक्यावर तिला नवीन सॅक घेऊन दिली. निळी. संध्याकाळी तिनं विचारलं, "आत्या, भाजी काय करायची?"

किती बरं वाटलं! खरंच.

१७ जून, मंगळवार

वाईट झालं.

सकाळी सुभेदार भाऊसो आले, रिटायर्ड. दर वर्षी नंबर तपासून घेतात. नेहमीसारखं खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "सुभेदार, उजवा डोळा झाका."

"माझा का तुमचा?"

मिलिटरीतला माणूस, ऑर्डर स्पष्ट लागते. मी हसले. "अहो तुमचाच! समोरच्याचा उजवा म्हणजे माझ्या..."

आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

समोरच्याचा उजवा म्हणजे माझ्या डावीकडं! दिवसातून पन्नास वेळा मी हे करते. अकरा वर्षं करते. समोर माणूस बसला की त्याचा उजवा माझ्या डाव्या हाताला. कार्डावर उजव्या डोळ्याचा नंबर आणि डाव्या डोळ्याचा नंबर एकदाही उलटा लिहिलेला नाही. लालासाहेबांना विचारा!

देवही समोरच होता की.

माझ्या डावीकडची पाकळी पडली. म्हणजे देवाची उजवी. म्हणजे सांगली.

"ताई, उघडू का डोळा?" सुभेदार विचारत होते. मी त्यांना तसंच झाकून ठेवलं होतं.

दिवसभर मनाची समजूत घातली. कौल माणसाच्या उजव्यानंही धरत असतील. पण आई देवाशी बोलत होती, माझ्याशी नाही. आणि देवाशी बोलताना उजवं म्हणजे देवाचं उजवं, हे लहानपणापासून माहीत आहे मला. तरी चुकले. पन्नास गिऱ्हाइकांपुढं चुकत नाही आणि देवापुढं चुकले! का? मला जे बघायचं होतं तेच बघितलं म्हणून.

१८ जून, बुधवार

आज काही बोलले नाही. कुणालाच. दोन वेळा फोन हातात घेऊन ठेवला.

बोलले नाही तर कुणाला कळणार आहे? बघणारी मी एकटी. पावती हातात. पोरगी खुशीत नसली तरी रडतही नाही. कॉम्प्युटर शिकेल, नोकरी लागेल, चांगलंच होईल. हे सगळं मी स्वतःला सांगत होते. मग घरी आले तर अंकितानं खिडकीत तिच्या बाटल्या मांडलेल्या. तीस फूट, सत्तर फूट... ओळीनं. घरून घेऊन आली होती! मला बघून घाईघाईनं पिशवीत भरायला लागली. म्हणाली, "नुसत्या बघत हुते आत्या. टाकून देते उद्या. आता काय कामाच्या."

भाजी तिनंच केली होती. मला एक घास गेला नाही. लाज वाटली स्वतःची.

१९ जून, गुरुवार

सांगून टाकलं!

सकाळी चहा ठेवला आणि तिच्यापुढं बसले. म्हटलं, अंकिता, ऐक, माझ्याकडं तोंड कर. तुझा उजवा हात वर कर. केला. आता माझ्या कुठल्या बाजूला आहे? म्हणाली, "डाव्या." म्हटलं, देव पण असाच माझ्यासमोर होता.

पोर हुशार, दुसरं वाक्य बोलायला लागलं नाही. आधी तोंडावर हात. मग, "आत्या! तू चष्म्याच्या दुकानात कामाला हायस!" आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी पण. चहा उतू गेला.

"आता सांग, काय पाहिजे तुला? पहिली की दुसरी?"

"सांगली." किती पटकन! "आत्या, मला लय जायचं हाय सांगलीला. पर बोलले असते आन् तिथं नापास झाले असते तर? सगळी म्हणली असती, तूच हट्ट केलास."

दादाला फोन. आधी त्याला कळेचना. मग म्हणाला, "थांब, आर्जुनाला इचारतो. तसं न्हाई चालायचं." दहा मिनिटं मी नखं खाल्ली. परत फोन आला तर पलीकडं अर्जुनाकाकाच होते, तापलेले. "आगं सोने, देवाचा उजवा म्हंजे देवाचाच! देवळात माणसाला कसला आलाय उजवा-डावा? म्या डोळं मिटलं ही माजीच चूक. तुज्यावर सोडाया नको हुतं." खाल्ला ओरडा. गोड लागला.

मागून दादाचा आवाज, "मंग सांगली तर सांगली! देवानं सांगितलंय, तिथं कोण नसलं तर तो आसंल. निगतो मी." दुपारी साडेबाराला दादा साताऱ्यात हजर. डोक्याला फेटा, पायात जाड वहाणा. पालकाची सही लागते ना.

पण कॉलेजात कारकून म्हणाले, "प्रवेश रद्दचा अर्ज द्या. साहेब बाहेर गेलेत, दाखला सोमवारी मिळेल." सोमवारी! सांगलीची तारीख उद्याची! दादा बिचारा फेटा काढून हातात धरून उभा. माझं डोकंच तापलं. मी खिडकीतून आत वाकले आणि बोलणार, तेवढ्यात त्यांचा चष्मा दिसला. आमच्याच दुकानातला. मीच दिलेला. एका कानावर वर, एका कानावर खाली.

म्हटलं, "साहेब, हा चष्मा वाकडा बसलाय. सारखं डोकं दुखत असेल तुमचं."

म्हणाले, "अहो महिना झाला! तुम्हाला कसं कळलं?"

"द्या इकडं." तिथल्या तिथं काडी नीट केली, नाकाच्या पट्ट्या दाबल्या, पुसून दिला. घातला त्यांनी. अंकिताकडं बघितलं, दादाच्या फेट्याकडं बघितलं. मग फोन उचलला. "साहेब, एक दाखला आहे, मुलीला उद्याच्या उद्या सांगलीला पोचायचंय..." सव्वाचारला दाखला हातात! देव त्यांचं भलं करो. नंबर वाढला तरी काच फुकट बसवून देईन. माझ्या पगारातून!

२० जून, शुक्रवार

झालं. झालं एकदाचं. सांगलीहून परत येताना एसटीतच लिहितेय, अक्षर उड्या मारतंय.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो तिघंही. दादानं दाखला बंडीच्या आतल्या खिशात ठेवलेला आणि वरून हात. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, हात काही निघाला नाही. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. दादा खिडकीतून बघत होता. शेवटी म्हणाला, "हितं पाणी कुटं हाय ते सांगाया कॉलेज कशाला पायजे? आंकी, तू शिकून परत आपल्याकडंच ये बग." ती म्हणाली, "त्याच्यासाठीच चाललीय आबा."

एवढं वाक्य तिनं आठ दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं.

साडेअकराला दाखला दिला. शिक्का बसला! तो धप्प आवाज झाला आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. खोटं नाही, खरंच हलकं वाटलं. तिथंच बाकावर बसले. दादा म्हणाला, "काय गं, चक्कर आली का?" म्हटलं, नाही, बरं वाटतंय.

मग तिथल्या राजेश्वरी मॅडमनी विभाग दाखवला. काचेची कपाटं, आत कागदी डब्यांत दगड, प्रत्येकाला नाव. दादानं एका कपाटाला नाक लावलं. "ह्यो तर आपल्या बांधावर हाय! आन् ह्यो हिरीत." मॅडमनी गाव विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या भागातले जमिनीखालचे नमुने आमच्याकडं फार नाहीत. कुणी आणून देत नाही."

अंकितानं निळी सॅक उघडली. एक एक बाटली टेबलावर. तीस फूट. सत्तर फूट. एकशे दहा. मॅडम खुर्ची ओढून बसल्याच. त्यांचा चष्मा सारखा घसरत होता, माझी बोटं शिवशिवत होती, पण गप्प राहिले. "कुणी सांगितलं होतं हे करायला?" त्यांनी विचारलं. "कुणी न्हाई." "कितवीत होतीस?" "नववीत." मॅडमनी सत्तर फुटांची बाटली उजेडाला धरली आणि दादाला म्हणाल्या, "ह्या मी ठेवून घेतल्या तर चालतील?"

दादा तीन वर्षं त्या बोअरचं नाव काढू देत नव्हता. आज म्हणाला, "ठेवा की. आमच्याच रानातलं हाय."

पोरीला हॉस्टेलची खोली मिळाली. खिडकी आहे, पंखा आहे, दारात लिंब आहे. तिच्याबरोबरची मुलगी जतची. दोघी पाच मिनिटांत मेंढरांवर बोलायला लागल्या. आम्ही निघालो तर अंकिता फाटकापर्यंत आली. पाया पडली. म्हणाली, "आत्या, तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं." म्हटलं, म्हणूनच सांगितलं. मग मला रडू आलं आणि दादानं भडंगाचा पुडा पुढं केला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

घर रिकामं असेल. असू दे. आज मला त्याचं वाईट वाटत नाही, हे बघून माझं मलाच नवल वाटतं.

२१ जून, शनिवार

कारकूनसाहेब दुकानात आले. डोकेदुखी थांबली. पेढे दिले त्यांना. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आता माझ्या बायकोला पण पाठवतो."

२९ जून, रविवार

आई काल माझ्याकडं आली. स्वतःहून! म्हणाली, डोळं करून टाकू. आज चहा पिता पिता मधेच म्हणाली, "सोने, त्या दिशी पाकळी देवानं न्हाई पाडली. म्या फुकली."

मी म्हटलं, "फुंकलीस? कुठली?"

"सांगलीची. देवाच्या उजव्या अंगाची. पोरीच्या मनात काय हाय ते मला दिसत हुतं, त्याला डोळं लागत न्हाईत. धुळा देवाबिगर कुणाचं ऐकला नसता. आन् तू वरडलीस, डावी! मला वाटलं, माजी फुक देवाला पटली न्हाई. चार दिस झोप न्हाई मला."

मी हसले, हसत सुटले. ती मात्र हसली नाही. कप खाली ठेवला.

"तुज्या येळंला बी फुकली हुती. लग्नाची."

म्हणजे इंद्रजित देवानं धाडला नव्हता. सतरा वर्षं मी देवावर रागावले, मग देवाला माफ केलं. आणि फुंकर आईची. मी विचारलं, "नसती फुंकलीस तर कुठली पडली असती गं?"

"म्या कुटं पडू दिली?" म्हणाली. आणि माझा हात धरून बसली. मी सोडवून घेतला नाही.

मंगळवारी ऑपरेशन. आधी उजवा डोळा. डॉक्टरांच्या कागदावर मी स्वतः बघून आले. तिचाच उजवा.